दीड कोटीची विजेवरची गाडी खरोखर पर्यावरणाला हातभार लावते का?

सहावा मैल यांचा प्रश्न

माझ्या आतेभावाने गेल्या वर्षी विजेवर चालणारी एक आलिशान गाडी घेतली. किंमत दीड कोटी रुपये आणि बॅटरी सुमारे १०८ किलोवॉट-तासांची, म्हणजे १०८ युनिट वीज साठवणारी. गाडी सुरेख आहे आणि त्यांना ती परवडते, त्यामुळे खरेदीबद्दल माझी काहीच तक्रार नाही. मात्र दिवाळीच्या फराळाला सगळे जमलेले असताना ते सहज म्हणाले, "तुझ्या त्या पेट्रोलच्या डबड्यापेक्षा माझी गाडी पृथ्वीला कमी त्रास देते." हे वाक्य अजून माझ्या घशाखाली उतरलेले नाही. माझी गाडी लहान आहे, नऊ वर्षांची आहे आणि लिटरला अठरा किलोमीटरच्या आसपास जाते.

दादांचा हेवा वाटतो म्हणून मी हे विचारत आहे, असे कृपया समजू नये. मला प्रश्न पडला तो सरकारी धोरण वाचल्यावर. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात महाराष्ट्र सरकारने तीस लाखांहून महाग असलेल्या विजेवरच्या गाड्यांवर सहा टक्के मोटार वाहन कर सुचवला होता, आणि त्याच महिन्यात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो मागे घेत असल्याचे विधान परिषदेत सांगितले. म्हणजे दादांच्या गाडीला आजही पर्यावरणाच्या नावाने करमाफी आहे. श्रीमंतांसाठी केलेल्या 'हरित' चैनीच्या वस्तूंनी पर्यावरणाचे खरोखर काही भले होते का, की आपण त्यांच्या मनाचे समाधान सरकारी खर्चाने विकत घेत आहोत? आकडे माहीत असणाऱ्यांनी कृपया आकड्यांनिशी सांगावे.

---

जुना शिफ्टवाला

उभी नोकरी औष्णिक वीज केंद्रात झाली असल्यामुळे माझ्या वाट्याचा हिशेब मांडतो.

एवढी जड गाडी शंभर किलोमीटरला साधारण २० युनिट वीज खाते. चार्जिंग करताना काही वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते आणि तारांमधून येताना आणखी थोडी गळते, म्हणून वीज केंद्राच्या दारात सुमारे २५ युनिट तयार करावी लागतात. आपल्या देशात सुमारे तीन चतुर्थांश वीज कोळशावर तयार होते, आणि पाणी, वारा, ऊन, अणू असे सगळे एकत्र धरूनही एका युनिटमागे सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे शंभर किलोमीटरला साडेसतरा किलो, आणि कोळसा खणून वाघिणींतून आणतानाचे उत्सर्जन धरले तर अठराच्या थोडे पुढे.

आता आपली गाडी पाहू. शंभर किलोमीटरला साडेपाच लिटर पेट्रोल लागते आणि एक लिटर पेट्रोल जळले की २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे सुमारे तेरा किलो झाले. मात्र येथे अनेकजण एक लबाडी करतात, ती मी करणार नाही. विजेचा हिशेब खाणीपासून करायचा आणि पेट्रोलचा पंपापासून, हे बरोबर नव्हे. तेल उपसणे, जहाजातून आणणे आणि रिफायनरीत शुद्ध करणे यांचे साधारण वीस टक्के वर चढवले की आपली गाडी पंधरा-सोळा किलोंवर जाते.

तात्पर्य, दादांचे विधान चूक आहे, पण फरक आपल्याला वाटत असेल तेवढा मोठा नाही. याच दादांनी त्याच तोलामोलाची पेट्रोल गाडी घेतली असती, तर लिटरला आठ किलोमीटरच्या हिशेबाने पूर्ण साखळीत पस्तीस किलो झाले असते, म्हणजे जवळजवळ दुप्पट. आणि विजेवरची लहान गाडी याच विजेवर दहा-अकरा किलोंत भागवते. तेव्हा विजेवरची गाडी हिरवी आहे का, या प्रश्नाला 'कोणाच्या तुलनेत' हे जोडल्याशिवाय उत्तर नाही.

यात बॅटरी तयार करताना झालेले उत्सर्जन अजून धरलेले नाही. ते कारखान्यात कोणती वीज वापरली त्यावर अवलंबून असते. एका किलोवॉट-तासामागे ६० ते १०० किलो धरण्याची पद्धत आहे. मधला ८० चा आकडा घेतला, तर १०८ च्या बॅटरीचे साडेआठ टनांहून अधिक होतात. गाडी शोरूममधून बाहेर पडते तेव्हाच हे कर्ज तिच्या डोक्यावर असते.

---

पैलतीर

शिफ्टवाले साहेबांच्या आकडेमोडीबद्दल आदर ठेवून एक वेगळी बाजू मांडतो. ज्याला दीड कोटीची गाडी घ्यायची आहे, तो लहान हॅचबॅक घेणार नाही. बेस्टच्या बसने तर जाणारच नाही. त्याच्यासमोर दोनच पर्याय असतात, मोठी पेट्रोल गाडी किंवा मोठी विजेची गाडी. त्यामुळे योग्य तुलना पस्तीस आणि अठरा यांचीच आहे, आणि त्यात वीज जिंकते. सहावा मैल यांच्या लहान गाडीशी केलेली तुलना पंगतीतल्या वादापुरती ठीक आहे.

दुसरे असे की गाडी पंधरा वर्षे रस्त्यावर राहते. पेट्रोलची गाडी पहिल्या दिवशी जेवढा धूर सोडते त्याहून पंधराव्या वर्षी जास्तच सोडेल. विजेची गाडी मात्र देशाच्या वीजपुरवठ्याच्या जाळ्यात सौर आणि पवन वीज वाढत जाईल तशी आपोआप स्वच्छ होत जाईल. मालकाने दुपारी, उन्हाच्या वेळेत चार्जिंग केले तर आजही तिचा आकडा खाली येतो. त्यासाठीच महावितरणने घरगुती ग्राहकांना दुपारच्या विजेत सवलत द्यायला सुरुवात केली आहे.

श्रीमंतांच्या चैनीवर राग असणे मी समजू शकतो, पण तो राग आणि कार्बनचा हिशेब या दोन गोष्टी एका वहीत लिहू नयेत.

---

चाकण चौक

सुट्या भागांच्या धंद्यात असल्यामुळे या विषयाशी रोजचा संबंध येतो. पैलतीर यांनी जी बाजू मांडली तिच्यामागे एक जुना आणि बऱ्यापैकी वजनदार युक्तिवाद आहे, तो येथे कोणीतरी नीट सांगायला हवा.

टेस्ला कंपनीने २००६ मध्येच आपला बेत उघडपणे जाहीर केला होता. आधी महागडी स्पोर्ट्‌स कार विकायची, त्या पैशातून त्याहून स्वस्त गाडी काढायची आणि त्या पैशातून आणखी स्वस्त. २००८ मध्ये त्यांची एक लाख डॉलरहून महाग रोडस्टर आली, २०१२ मध्ये मॉडेल एस आणि २०१७ मध्ये मॉडेल ३. या बेताची दुसरी बाजू आपल्याकडे घडलेली आहे. बंगळुरूच्या चेतन मैनी यांनी २००१ मध्ये 'रेवा' ही लहानशी, परवडणारी विजेची गाडी आणली होती. लंडनमध्येही ती 'जी-विझ' नावाने विकली गेली. परंतु त्या काळच्या बॅटऱ्या जड आणि कमी पल्ल्याच्या होत्या आणि सामान्य ग्राहकाने ती मोठ्या संख्येने घेतली नाही; २०१० मध्ये महिंद्राने त्या कंपनीतला निम्म्याहून अधिक हिस्सा विकत घेतला. तंत्रज्ञान कच्चे आणि महाग असते तेव्हा त्याची किंमत फक्त श्रीमंत ग्राहकच सोसू शकतो, हे रेवा आणि रोडस्टर शेजारी ठेवले की पटते.

तेव्हा २००८ सालच्या रोडस्टरच्या मालकाने पर्यावरणाचे भले केले का, असे कोणी विचारले तर मी 'हो, आडवळणाने का होईना, केले' असेच म्हणेन. पण तोच युक्तिवाद २०२५ मध्ये वापरणे म्हणजे पीक कापून झाल्यावर बियाण्यासाठी अनुदान मागण्यासारखे आहे. २०१० मध्ये एका किलोवॉट-तासाच्या बॅटरीला हजार डॉलरहून अधिक मोजावे लागत. २०२४ मध्ये तो आकडा ११५ डॉलरवर आला. आणि अलीकडची घसरण आलिशान गाड्यांमुळे झालेली नाही. तिच्यामागे चीनमधल्या लाखो साध्या गाड्या आहेत, बस आहेत (शेन्झेन शहराने २०१७ च्या अखेरीस आपल्या सोळा हजारांहून अधिक बस विजेवर आणल्या होत्या), आणि आपल्याकडच्या स्कूटर आणि रिक्षासुद्धा आहेत. भारतात विजेवरचे वाहन वरून खाली झिरपलेच नाही. ते खालून वर चढले, ई-रिक्षापासून सुरुवात करून.

आता दादांच्या १०८ किलोवॉट-तासांकडे दुसऱ्या नजरेने पाहा. आमच्या आकुर्डीच्या चेतकसारख्या विजेच्या स्कूटरमध्ये तीन किलोवॉट-तासांच्या आसपास बॅटरी असते. म्हणजे एका आलिशान गाडीच्या बॅटरीत पस्तीस स्कूटर बसतात. टियागोच्या २४ किलोवॉट-तासांच्या मोठ्या बॅटरीने मोजले तर चार गाड्या होऊन वर थोडे उरते. लिथियम, निकेल, कोबाल्ट हे सगळे जमिनीतून खणूनच काढावे लागते. ती पस्तीस स्कूटरची सामग्री रोज प्रत्येकी वीस-पंचवीस किलोमीटर पेट्रोल वाचवत धावली असती, त्याऐवजी ती एका माणसाला बाणेरहून हिंजवडीला नेते आणि उरलेला दिवस तळघरात उभी राहते.

---

इरई काठ

मी चंद्रपूरचा आहे. येथे २९२० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र आहे आणि इरई धरण मुळात त्या केंद्राच्या पाण्यासाठीच बांधले गेले. येथली वीज ७५२ किलोमीटर लांबीच्या उच्चदाब वाहिनीने थेट कल्याणजवळच्या पडघ्याला जाते. वर सर्वजण किलोमध्ये कार्बन मोजत आहेत, तो सगळ्या जगाचा सामायिक असतो. राखेचे तसे नाही. ती येथेच राहते, गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते आणि पावसाळ्यात नाल्यात उतरते. पुण्या-मुंबईतल्या गाडीतून धूर निघत नाही, हे खरेच आहे. तो आमच्याकडे निघतो. कोणी आपल्या गाडीमागे 'शून्य उत्सर्जन' असे लिहिलेले पाहिले की आम्हांला आमचा पिनकोड त्याखाली लिहावासा वाटतो.

पैलतीर यांना एवढेच विचारतो, की दुपारी चार्जिंग करणारे किती जण आपल्या पाहण्यात आहेत? गाडी दुपारी कार्यालयात असते आणि रात्री घरी.

---

जमाखर्च

सहावा मैल यांच्या प्रश्नाचा दुसरा भाग, म्हणजे सवलतीचा, अजून कोणी घेतला नाही. माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे, कारण दादांनी स्वतःच्या पैशाने काय घ्यावे हे ठरवणारे आपण कोण? करमाफी मात्र सगळ्यांच्या पैशातून जाते.

महाराष्ट्रात खासगी पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के, वीस लाखांपर्यंत १२ टक्के आणि त्यावर १३ टक्के वाहन कर लागतो. दीड कोटीच्या पेट्रोल गाडीला हा कर साडेएकोणीस लाख झाला असता. विजेवरची असल्यामुळे तो शून्य. नऊ लाखांची विजेवरची लहान गाडी घेणाऱ्या शिक्षकालाही शून्यच, पण त्याची बचत एक लाखाच्याही आत राहते. म्हणजे एकाच धोरणातून दादांना त्या शिक्षकाच्या जवळजवळ वीसपट मदत झाली. शिफ्टवाल्यांच्या हिशेबाने पाहिले तर दर किलोमीटरला कमी उत्सर्जन त्या शिक्षकाचेच आहे.

जीएसटीत हे अंतर आणखी वाढते. विजेवरच्या सगळ्या गाड्यांना २०१९ पासून पाच टक्के, मग ती आठ लाखांची असो वा दोन कोटींची. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या पेट्रोल गाड्यांना चाळीस टक्के आणि लहानांना अठरा टक्के लागतात. दीड कोटीत पाच टक्के कर धरलेला आहे असे मानले, तर मूळ किंमत एक कोटी त्रेचाळीस लाखांच्या जवळ येते आणि चाळीस व पाच यांमधला फरक पन्नास लाखांचा होतो. आलिशान गाडीला दिलेली ही सूट कोणत्याही अर्थसंकल्पात 'अनुदान' म्हणून लिहिलेली दिसणार नाही, कारण जो कर घेतलाच नाही त्याचा खर्च आपल्याकडे कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. त्यावर अटल सेतूवरचा टोलही आता माफ आहे. पेट्रोलच्या लहान गाडीला तेथे एका फेरीचे अडीचशे रुपये पडतात. एसटीच्या विजेवरच्या शिवाई बसमध्ये चाळीसेक माणसे बसतात आणि तिलाही ही माफी आहे, तिच्याबद्दल माझे काहीच म्हणणे नाही.

सहा टक्क्यांचा प्रस्ताव मागे घेताना त्यातून फारसा महसूल मिळणार नाही, असे कारण देण्यात आले होते. हे मला मोठे गमतीचे वाटते. महसूल मिळणार नसेल तर तो अशा गाड्या मोजक्या आहेत म्हणून. आणि गाड्या मोजक्या असतील तर त्यांना सूट देऊन हवा किती सुधारणार? दोन्हींपैकी एक काहीतरी सांगावे.

---

फ्योर्डकाठची सांगलीकर

गेली अकरा वर्षे ओस्लोमध्ये राहते, म्हणून येथला अनुभव सांगते. विजेच्या गाड्यांची चर्चा निघाली की नॉर्वेचे नाव येतेच. २०२४ मध्ये येथे विकल्या गेलेल्या नव्या गाड्यांपैकी सुमारे ८९ टक्के पूर्णपणे विजेवरच्या होत्या. येथली वीज बहुतांशी पाण्यापासून तयार होते, त्यामुळे चंद्रपूरकरांचा प्रश्न येथे उद्भवत नाही.

परंतु येथवर येताना सवलती श्रीमंतांच्याच अंगणात अधिक पडल्या, हे येथेही घडले. नव्वदीच्या दशकात टोल माफ झाला, २००१ मध्ये मूल्यवर्धित कर माफ झाला, २००५ पासून बसच्या राखीव मार्गिकेतून जाण्याची मुभा मिळाली. पुढे त्या मार्गिकेत विजेच्या गाड्या एवढ्या झाल्या की बसच अडकू लागल्या, आणि ओस्लोच्या परिसरात गर्दीच्या वेळी गाडीत किमान एक सहप्रवासी असण्याची अट घालावी लागली. ज्या बसने खरोखर उत्सर्जन वाचते तिलाच महागड्या 'हरित' गाड्यांनी अडवून धरले, हे दृश्य मी रोज सकाळी खिडकीतून पाहिले आहे.

अखेर २०२३ मध्ये सरकारने मध्यममार्ग काढला. किंमतीच्या पहिल्या पाच लाख क्रोनरपर्यंत, म्हणजे अंदाजे चाळीस लाख रुपयांपर्यंत, करमाफी कायम ठेवली आणि त्यावरच्या रकमेला पंचवीस टक्के कर लावला. शिवाय गाडीच्या वजनावरही कर बसवला. तरीही विक्री कोसळली नाही, हे वरचा आकडाच सांगतो. जमाखर्च यांनी ज्या सहा टक्क्यांचा उल्लेख केला, तो कर यापेक्षा कितीतरी सौम्य होता.

---

पैलतीर

सांगलीकर ताईंनी सांगितलेली वरच्या रकमेवर कर लावण्याची पद्धत मला मान्य आहे. माझा विरोध श्रीमंतांना पुन्हा पेट्रोलकडे ढकलण्याला होता. पेट्रोलवर चाळीस आणि विजेवर, समजा, वीस टक्के ठेवले तरी विजेकडे वळण्याचे कारण शिल्लक राहतेच. पाच टक्क्यांवरच अडून राहण्याचे समर्थन मी करू शकत नाही.

इरई काठ यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. मी स्वतःही रात्रीच चार्जिंग करतो.

---

सहावा मैल

सर्वांचे मनःपूर्वक आभार. शिफ्टवाले साहेब, आपला हिशेब मी दादांना दाखवला. ते रागावले नाहीत, उलट त्यांनी गाडीचा आकडा पाहून सांगितला: चौदा महिन्यांत ५,४०० किलोमीटर. बॅटरीच्या कर्जाचे काय होते, ते या आकड्यावरून सांगता येईल का?

एक गोष्ट मूळ प्रश्नात लिहायची राहून गेली. त्यांची जुनी मोठी डिझेल गाडी त्यांनी विकलेली नाही. कोकणात जायला आणि लांबच्या प्रवासाला तीच बाहेर निघते, कारण वाटेत चार्जिंगसाठी थांबणे वहिनींना आवडत नाही.

---

जुना शिफ्टवाला

पैलतीर म्हणतात ती तुलना घेऊ, म्हणजे तोलामोलाच्या पेट्रोल गाडीशी. शंभर किलोमीटरमागे पस्तीस वजा अठरा, म्हणजे सतरा किलो वाचतात. साडेआठ टनांचे कर्ज फेडायला पन्नास हजार किलोमीटर लागतील. सध्याच्या वेगाने वर्षाला ४,६०० किलोमीटर होतात, म्हणजे अकरा वर्षे लागतील. मधल्या काळात जाळ्यातली वीज स्वच्छ होत गेली तर एखाद-दोन वर्षे लवकर.

हा हिशेब विजेच्या गाडीने जुन्या गाडीची जागा घेतली असे धरून आहे. डिझेल गाडी लांबचे अंतर पूर्वीइतकेच कापत असेल, तर वाचले ते फक्त गावातले किलोमीटर, आणि दुसरी गाडी तयार करताना झालेले उत्सर्जन संपूर्णपणे वरचे. दादांना डिझेल गाडी विकायला सांगा आणि वहिनींना सांगा की आता मुंबई-गोवा महामार्गावरही चार्जिंगची ठिकाणे आहेत. अर्ध्या तासात गाडीही भरते आणि तेवढ्यात चहा-मिसळही होते.